विमान केवढे, आणि त्याच्या पोटात माल किती?

विमानाचा आकार सांगताना लोक लांबी सांगतात, फार तर खुर्च्या मोजतात. दुबईला किंवा जेद्दाला नमुन्याची पेटी पाठवणाऱ्या व्यापारी बांधवाने मात्र विमानाचे पोट बघावे. प्रवासी विमानाच्या खालच्या भागात बॅगांबरोबर व्यापाराचा मालही जातो, आणि मोठ्या विमानात जास्त माल बसतो हा समज दरवेळी खरा ठरत नाही.

सुरुवात घराजवळून करू. अमळनेरला सोयीचा विमानतळ जळगावचा. तेथे डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली ती बीचक्राफ्ट १९०० डी या विमानाने. लांबी जेमतेम साडेसतरा मीटर, माणसे अठरा-एकोणीस. २०१९ मध्ये ट्रूजेटचे आणि २०२४ मध्ये फ्लाय ९१ चे एटीआर-७२ तेथे उतरले. हे पंख्याचे विमान २७ मीटर लांब, म्हणजे एस.टी.च्या दोन गाड्या एकामागे एक लावल्या तर त्याहून थोडे जास्त. माणसे सत्तरच्या आसपास. यात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामानाची मुख्य जागा पुढे, पायलटच्या पाठीशी असते. ती प्रवाशांच्या बॅगांनीच बरीचशी भरते. व्यापाऱ्याच्या वाट्याला उरते थोडी.

मग मोठे विमान का येत नाही? जळगावची धावपट्टी १७०० मीटरची. एअरबस ए-३२० साडेसदतीस मीटर लांब, माणसे १८०. भरलेल्या अवस्थेत त्याला साधारणपणे दोन किलोमीटरहून अधिक पट्टी लागते. मुंबईची मुख्य पट्टी ३४०० मीटरच्या पुढे आहे. म्हणून खानदेशचा परदेशी जाणारा हवाई माल आधी रेल्वेने वा ट्रकने मुंबई गाठतो.

ए-३२० आणि बोईंग ७३७ बाहेरून भावंडांसारखी दिसतात. पण ७३७ च्या पोटात माल नग-नग करून हातानेच रचावा लागतो, आणि पुढच्या माल-दाराची उंची सुमारे ८९ सेंटिमीटर. मीटरभर उंचीचा खोका आडवा होत नसेल तर तो तेथेच अडतो.

आता जंबो. एअर इंडियाकडे बोईंग ७४७ आले १९७१ मध्ये. पुढे कितीतरी हाजी त्यातूनच जेद्दाला गेले. एअर इंडियाच्या ७४७ ने मुंबईतून शेवटचे उड्डाण केले एप्रिल २०२४ मध्ये. त्याहून मोठे दुमजली ए-३८०. पंखांचा विस्तार जवळजवळ ८० मीटर, माणसे पाचशेच्या घरात. २०१४ पासून ते मुंबईत येऊ लागले. गंमत पुढे आहे. ए-३८० च्या पोटात ठराविक मापाचे ३८ कंटेनर बसतात, तर एकमजली बोईंग ७७७-३०० ईआर मध्ये ४४. शिवाय दुमजली विमानात माणसे जास्त, म्हणून त्या ३८ पैकी बॅगांचेच बरेच. ए-३८० चे उत्पादन २०२१ मध्ये बंद झाले. त्याच्या कारणांत हेही एक धरायला हरकत नाही.

जाता जाता एक गोष्ट. १९४५ मध्ये मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाची गिरणी काढली. तिच्यातून वाढलेल्या विप्रो समूहाची इंजिनिअरिंग कंपनी आज विमानांचे सुटे भाग बनवते.

पोटातली जागा मोजकी, म्हणून विमान कंपनी वजनासोबत जागेचेही भाडे लावते. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणावी आणि ६००० ने भागावे. कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि खरे वजन, यांत जे जास्त त्याचे भाडे. समजा भरतकामाच्या कपड्यांची पेटी ६० बाय ५० बाय ४० आहे आणि काट्यावर भरते ११ किलो. हिशेबात ती २० किलो धरली जाईल. तेच कपडे नीट दाबून पेटीची उंची ३० वर आणली, तर हिशेब १५ किलोचा. पाच किलोचे भाडे वाचले, मालातला एक नगही कमी न करता.