देव ‘मानणं’ इंग्रजीत कसं सांगाल?

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळ रुयाड-सिंदपुरीला महासमाधीभूमीचा मोठा स्तूप आहे. जपानी बौद्धांची मदत त्याला मिळालेली, त्यामुळं परदेशी पाहुणे तिथं अधूनमधून येत असतात. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक युरोपातला पाहुणा आला आणि इंग्रजीचा मास्तर म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी इंग्रजी शिकवायचो खरा, पण फळ्यावरचं. कर्तरीचं कर्मणी करून दाखवण्यात मी पटाईत होतो. समोर उभं राहून प्रश्न विचारणारं इंग्रजी मला नवीन होतं.

स्तूपाच्या पायरीशी एक म्हातारी बसली होती. पाहुण्यानं विचारलं, ‘ही बाई बुद्धावर बिलीव्ह करते का?’ मी घाईनं भाषांतर केलं, “आजी, तुमचा बुद्धावर विश्वास आहे का?”

आजीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “इस्वास? तो का माजे पैसे घेऊन परून जानार आहे का, मास्तर?”

भोवतालचे लोक हसले. पाहुणाही हसला, त्याला काही कळलं नसताना. मग आजीच शांतपणे म्हणाली, “मानतो ना आमी. बाबासायबाले मानतो, बुद्धाले मानतो.” हे ‘मानतो’ इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुचेना. मी ‘ॲक्सेप्ट’ म्हणून वेळ मारून नेली. पाहुण्यानं मान डोलावून वहीत काहीतरी टिपलं. ते चुकीचं होतं हे मला त्याच क्षणी माहीत होतं आणि आजही ते मला टोचतं.

आजीचं म्हणणं व्याकरणात बसवून पाहिलं की तिचा मुद्दा किती नेमका होता हे लक्षात येतं. मराठीत विश्वास दुधवाल्यावर ठेवायचा, शेतातल्या भागीदारावर ठेवायचा, पतसंस्थेवर ठेवायचा. जिथं फसवणूक होऊ शकते तिथं हा शब्द लागतो, म्हणून तर त्याच्या पाठीला ‘घात’ चिकटतो. संस्कृतात त्याचं मूळ श्वस् या धातूत आहे: ज्याच्याजवळ निर्धास्त श्वास घेता येतो तो विश्वास. श्रद्धेचं मूळ आणखी जुनं. ‘श्रत्’ आणि ‘धा’, म्हणजे काळीज एखाद्या ठिकाणी ठेवणं. लॅटिनमधलं ‘क्रेडो’ याच मुळातून निघालं आणि त्यातून इंग्रजीत ‘क्रीड’ आणि ‘क्रेडिट’ आले. बँकेचं क्रेडिट कार्ड आणि आपली श्रद्धा हे दूरचे भाऊबंद आहेत, हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची.

तिसरा शब्द इमान. अरबीत त्याचा अर्थ अल्लावरची श्रद्धा. मराठीत येता येता तो धन्याशी राखायच्या निष्ठेचा झाला. आता कुत्रा इमानी असतो आणि पुढारी बेइमान. अर्थ कुठून निघाला आणि कुठं येऊन थांबला ते पाहा.

आणि चौथा शब्द आमच्याकडचा, भाव. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत म्हाताऱ्या माणसांना श्रद्धा हा शब्द पुस्तकी वाटतो. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘श’ला जागाच नसते, म्हणून उच्चारही ‘सरधा’ असा होतो. पण बोलता बोलता तोंडात येतो तो भाव. ‘तिचा भाव आहे’ म्हटलं की पुढं काही विचारायचं उरत नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं. त्यांचं काम हाती आल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की वर्गात ज्या शब्दांना आपण अशुद्ध म्हणून लाल शाईनं गोल करत आलो, ते जपून ठेवायला हवे होते.

दुसरी ठेच शाळेतच लागली. संविधान दिनाला, 26 नोव्हेंबरला, आम्ही उद्देशिकेचं वाचन घ्यायचो. व्हरांड्याच्या एका भिंतीवर मराठी उद्देशिका आणि तिच्याशेजारी हिंदी. आठवीतली एक मुलगी दोन्ही वाचून माझ्याकडे आली. “सर, मराठीत विश्वासानंतर श्रद्धा आहे आणि हिंदीत धर्म आहे. दोन्हींतलं बरोबर कोणतं?”

मी इतकी वर्षं ती भिंत पाहत होतो आणि हे माझ्या नजरेत आलं नव्हतं. इंग्रजी मसुद्यात पाच स्वातंत्र्यं ओळीनं आहेत: विचार, अभिव्यक्ती, मग ‘बिलीफ’, ‘फेथ’ आणि उपासना. ‘बिलीफ’ला दोन्ही भाषांनी विश्वास म्हटलं. ‘फेथ’शी येऊन त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मराठीनं श्रद्धा घेतली, हिंदीनं धर्म. मुलीला मी सांगितलं की दोन्ही अधिकृत आहेत, आणि ते खरंही होतं. पण उत्तर ते नव्हतं. श्रद्धा एकट्या माणसाची असू शकते, धर्म सहसा समूहाचा असतो. श्रद्धेचं स्वातंत्र्य म्हटलं की कुठल्याच देवळात न जाणारा माणूसही त्यात येतो. माझ्या मते इथं मराठी भाषांतर सरस आहे आणि हे मी मराठी आहे म्हणून म्हणत नाही.

त्याच भिंतीवर आणखी एक फरक होता. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीनं ‘सेक्युलर’ हा शब्द उद्देशिकेत आला. मराठीत तो धर्मनिरपेक्ष झाला, हिंदीत पंथनिरपेक्ष. हिंदीवाल्यांचा विचार असा की धर्म म्हणजे कर्तव्य, नीती. राज्य त्यापासून वेगळं कसं राहील? वेगळं राहायचं ते पंथांपासून. मराठीत त्याआधी ‘निधर्मी’ हा शब्द सर्रास चाले आणि त्यानं फार नुकसान केलं. निधर्मी म्हटलं की ऐकणाऱ्याला अधर्मी ऐकू येतं. तत्त्वज्ञानाच्या लोकांनी ‘इहवाद’ असा शब्द चालवला. मूळ अर्थाशी तोच सर्वात जवळचा, कारण 1851 मध्ये जॉर्ज होल्योक या इंग्रजानं ‘सेक्युलॅरिझम’ हा शब्द घडवला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर याच जगातलं जगणं होतं. पण इहवाद पुस्तकातच राहिला. पवनीच्या बाजारात मी तो कधी ऐकला नाही.

हेच शब्द दुसऱ्या एका भाषेत कसे दिसतात ते मला डेन्मार्कमुळं कळलं. माझी मुलगी आणि जावई तिकडं आर्हूसला राहतात. मुलीनं डॅनिश भाषेचे वर्ग लावले आणि रविवारच्या फोनवर आमचा नवा खेळ सुरू झाला. ती शब्द सांगायची, मी मराठी शोधायचो. एकदा म्हणाली, “बाबा, ‘ट्रो’ला काय म्हणू? बिलीफही ट्रो, फेथही ट्रो. आणि बायकोशी प्रामाणिक असलेला नवराही ट्रो. बेइमान झाला की ‘उट्रो’.”

मला आपलं इमान आठवलं. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी श्रद्धा आणि निष्ठा एकाच शब्दात बांधली होती. डॅनिशांपुढं आपली उद्देशिका ठेवली तर ‘बिलीफ’ आणि ‘फेथ’साठी दोन शब्द कुठून आणतील? सोरेन किर्केगार्ड या त्यांच्या तत्त्वज्ञानं 1844 च्या एका पुस्तकात हा शब्द साध्या अर्थानं आणि विशेष अर्थानं अशा दोन रीतींनी वापरला. शब्द मात्र एकच, ट्रो. त्याच्या इंग्रजी भाषांतरकारांना दर ठिकाणी थांबून ठरवावं लागतं की इथं बिलीफ लिहायचं की फेथ.

उलट जिथं आपण ढिसाळ आहोत तिथं डॅनिश काटेकोर आहे. ‘मला वाटतं पाऊस येईल’, ‘मला वाटतं भाजी खारट झाली’, ‘मला वाटतं दारूबंदी असावी’, तिन्हीकडे आपलं एकच ‘वाटतं’. डॅनिशमध्ये पावसाच्या अंदाजाला ट्रो. भाजीच्या चवीला वेगळं क्रियापद, कारण ती स्वतः चाखलेली असते. दारूबंदीच्या मताला तिसरं, कारण ते विचार करून बनवलेलं असतं. मुलगी पहिले सहा महिने भाजीला पावसाचं क्रियापद लावायची आणि वर्गात हशा व्हायचा. देवावरची श्रद्धा आणि उद्याचा पाऊस यांना एकच क्रियापद, ही गोष्ट मात्र मला फार आवडली. वैनगंगेकाठच्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. रोवणीच्या दिवसांत त्याचंही तेच असतं.

डेन्मार्क आणि मराठी यांचं नातं काही माझ्या मुलीपासून सुरू झालं नाही. बंगालमधलं श्रीरामपूर 1755 पासून 1845 पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, डॅनिशांच्या ताब्यात होतं. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी 1800 मध्ये या डॅनिश वस्तीत येऊन राहिला. तिथून 1805 मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश, त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत. वैजनाथ पंडितांची त्याला साथ होती. ‘फेथ’ला मराठीत काय म्हणायचं हा प्रश्न छापखान्याच्या टेबलावर आला तो अशा डॅनिश वस्तीत. ख्रिस्ती मराठीनं पुढं विश्वास हा शब्द घेतला. आजही चर्चमध्ये श्रद्धाळू माणसाला ‘विश्वासणारा’ म्हणतात. आमच्या आजीला जो शब्द व्यवहाराचा वाटला, त्यावर दुसऱ्या एका समाजानं आपली सारी उपासना उभी केली. दोघांचंही मराठीच.

अंधश्रद्धेचं प्रकरण यापेक्षा नाजूक. इंग्रजी ‘सुपरस्टिशन’ला डॅनिशमध्ये ‘ओवरट्रो’ म्हणतात, मापाबाहेर गेलेली श्रद्धा. आपण म्हणतो अंधश्रद्धा. म्हणजे कुठंतरी डोळस श्रद्धाही आहे हे आपण शब्द घडवतानाच कबूल केलं. मग भांडण सुरू होतं की कुणाची आंधळी आणि कुणाची डोळस. श्याम मानवांनी 1982 मध्ये नागपूरला अंधश्रद्धा निर्मूलनाची समिती काढली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये आपली. दोन्ही नावांत हा शब्द आहे. पण 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाल्यानंतर जो कायदा आला त्याचं लांबलचक नाव वाचून पाहा. नरबळी आहे, अमानुष प्रथा आहेत, जादूटोणा आहे. अंधश्रद्धा हा शब्द नाही. प्रथेवर खटला भरता येतो, श्रद्धेवर भरता येत नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांनी बरोबर ओळखलं असं मला वाटतं.

फिरून मी आजीकडेच येतो. कारण तिचं ‘मानतो’ कुठून आलं हे मला फार उशिरा समजलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा देताना बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या भंडारा जिल्ह्यात असंख्य घरांच्या भिंतींवर आहेत. त्याआधी दोनच वर्षं, 1954 मध्ये, याच भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले होते. मतपेटीत हरले आणि घराघरात जिंकले. त्या प्रतिज्ञा मी हजार वेळा पाहिल्या होत्या, पण क्रियापदांकडे लक्ष देऊन कधी वाचल्या नव्हत्या. पहिल्या तीन प्रतिज्ञा देवांविषयी आहेत. तिथं क्रियापद ‘मानणार नाही’. चौथी अवताराविषयी, म्हणजे एका दाव्याविषयी. तिथं ‘विश्वास नाही’. आणि सगळी माणसं समान आहेत हे सांगणाऱ्या प्रतिज्ञेत पुन्हा ‘मानतो’. इंग्रजी भाषांतरात या जागी ‘फेथ’ आणि ‘बिलीव्ह’ येतात आणि हा सारा बारकावा पुसला जातो. मराठीत मानणं म्हणजे मान देणं, पत्करणं आणि त्याप्रमाणं वागणं, तिन्ही एकदम. समता खरी आहे असं नुसतं वाटून भागत नाही, ती मानावी लागते. आजीनं नेमकं तेच क्रियापद वापरलं होतं आणि मी ते ‘ॲक्सेप्ट’मध्ये कोंबलं.

बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहिताना काय केलं? 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर आलेल्या बुद्धावरच्या ग्रंथात त्यांनी ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ यांतला फरक सविस्तर मांडला आणि ‘धम्म’ इंग्रजीत तसाच ठेवला. भाषांतर केलंच नाही. मराठीत आणताना पंचाईत होते, कारण रिलिजनला आपण धर्म म्हणतो आणि धम्म हे पालीतलं त्याच शब्दाचं रूप. फरक एका जोडाक्षराचा. पण आमच्या जिल्ह्यात त्या एका जोडाक्षरावरून माणूस कुठल्या वस्तीतला हे ओळखतात. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झालं तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे अवशेष आणि दान देणाऱ्यांची नावं कोरलेले ब्राह्मी लेख सापडले. ते लेख प्राकृतात आहेत आणि प्राकृतात धर्माला धम्मच म्हणत. आमच्या गावानं हा शब्द बाहेरून आणला नाही, जमिनीखालून काढला.

मुलीच्या परीक्षेत निबंध आला होता, तुमच्या घरातल्या श्रद्धेविषयी लिहा. तिनं मला रात्री फोन करून विचारलं, ‘मानणं’ला काय लिहू? मी म्हणालो, तसंच लिही आणि पुढं दोन वाक्यांत आजीची गोष्ट सांग. तिनं सांगितली. तिच्या बाईंनी त्या शब्दाखाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह काढलं, पण गुण कापले नाहीत.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. देव, धर्म, श्रद्धा, शंका यांविषयी झाडीपट्टीत लोक प्रत्यक्ष बोलताना जे शब्द वापरतात ते मी तिच्यात उतरवतो. अर्धी भरली आहे. तुमच्या गावी तुमची आजी देवाविषयी बोलताना कोणतं क्रियापद वापरते ते विचारून, तिच्याच उच्चारात, या मासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा. शुद्ध करून पाठवू नका.