आजी-आजोबांच्या घरातील ‘स्मार्ट’ उपकरणे

उपकरणे कोणती?
पडल्याचा इशारा देणारे मनगटी घड्याळ, खोलीतला कॅमेरा, आवाजावर चालणारा स्पीकर, मोबाइलला जोडलेले रक्तदाब व साखर मोजण्याचे यंत्र.

फरक ओळखा
• सुरक्षितता : परक्याला उपकरणात शिरता न येणे.
• खासगीपणा : परवानगी असलेल्यानेही किती पाहावे-ऐकावे, याची मर्यादा.
• आईच्या खोलीतले चित्रण मुलगा तिला न सांगता पाहतो, हा खासगीपणाचा भंग. तेच चित्रण चोरीला जाते, तो सुरक्षिततेचा.

महत्त्वाचे टप्पे
• २०१६ : ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर जगभर ताब्यात घेतले.
• २०१७ : अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी सुरक्षा अपडेट. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. रुग्णालयात जाऊन ते करता येत होते.
• २०२३ : भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येण्याची तरतूद. दिलेली संमती मागे घेण्याचाही हक्क.
• २०२४ : २९ एप्रिलपासून ब्रिटनमध्ये सर्व उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकण्यास बंदी.

घरी एवढे करा
• मूळ पासवर्ड लगेच बदला. अपडेट आपोआप होऊ द्या.
• न्हाणीघर आणि कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा नको.
• काम सोडून गेलेल्या मदतनिसाचा अ‍ॅपमधील प्रवेश बंद करा.
• उपकरण विकण्यापूर्वी त्यातील माहिती पुसा.
• कॅमेरा बसवण्यापूर्वी ज्येष्ठांची संमती घ्या.

ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा.