मडके शिल्प केव्हा होते?

मडके आणि शिल्प यांत भेद कोणता, असे विचारले तर पुष्कळजण म्हणतील, मडक्यात पाणी राहते, शिल्पात राहत नाही. हे उत्तर अगदीच चूक नव्हे. पीटर वूल्कस या अमेरिकन कलावंताने मात्र ते मुळापासून तपासून पाहिले.

ग्रीक स्थलांतरितांचा हा मुलगा १९२४ साली माँटाना राज्यात जन्मला. दुसऱ्या महायुद्धात लष्करात जाण्यापूर्वी तो पोर्टलंडच्या ओतशाळेत साचे करीत असे. पुढे तो कुंभारकाम शिकला आणि चाकावरच्या सुबक भांड्यांसाठी नावाजला गेला. १९५४ साली लॉस एंजेलिसच्या कलाशाळेत तो शिकवू लागला, आणि तेथे त्याचे काम पालटले. १९५६ सालच्या ‘रॉकिंग पॉट’ या भांड्याला त्याने भोकेच पाडली. पाण्याचा प्रश्न मिटला. उरला तो आकार.

नंतर त्याने चाकावर घडवलेली मोठी भांडी एकावर एक रचली, कापली, ठोकली. ही नुसती लहर नव्हे. ओली माती वरचे वजन पेलत नाही, म्हणून खालचा भाग आधी थोडा सुकू द्यावा लागतो. सुकताना माती आकसते. एक भाग लवकर व दुसरा उशिरा आकसला की तडा जातो. जाड भिंतीत पाणी राहिले तर भट्टीत त्याची वाफ होऊन काम फुटते. आपला कुंभार मातीत राख किंवा लीद मिसळतो, जाड काम करणारे भाजलेल्या मातीचा चुरा मिसळतात, ते यासाठीच.

वूल्कसने तडे, जोड, बोटांचे ठसे लपवले नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तो लाकडाच्या भट्टीत काम भाजू लागला. तेथे उडालेली राख मातीवर बसून वितळते आणि तिचीच झिलई होते.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना याचे मोल विशेष वाटते. कारखान्यात हाताची खूण राहिली तर तो दोष ठरतो, आणि नग बाद होतो. हात राबतात, डोके दुसरीकडे बसून ठरवते, ही तिथली वाटणी. वूल्कसच्या कामात ती टिकत नाही. माती किती सोसेल हे प्रथम बोटांना कळते, आणि आकारही तेथेच ठरतो.

कोणी म्हणेल, मडके कोणीही फोडील. खरे आहे. पण फोडूनही ते उभे राहावे, यासाठी आधी ते नीट घडवता यावे लागते.