मेसेज ‘बॅकअप’मध्ये आहेत, म्हणजे नेमके कुठे?

फोन बदलताना फोटोंची काळजी सगळे घेतात, मेसेजांबद्दल मात्र निर्धास्त असतात. मेसेज सिममध्ये असतात, नाहीतर कंपनीकडे तरी असणारच, हा त्यामागचा पहिला गैरसमज. जुन्या साध्या फोनांत सिमवर मोजके मेसेज मावत, हे खरे. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये मात्र एसएमएस फोनच्याच मेमरीतल्या एका डेटाबेस फाइलमध्ये साठतात. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी ते सोबत येत नाहीत. कंपनी जपते ती कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला कधी मेसेज गेला याची नोंद. दूरसंचार विभागाने डिसेंबर 2021 मध्ये अशा नोंदी ठेवण्याची मुदत एका वर्षावरून दोन वर्षे केली, पण त्यांत मजकूर नसतो. फोन पाण्यात पडल्यावर कंपनीच्या दुकानात जाऊन जुने मेसेज मिळत नाहीत ते यामुळेच.

‘सगळं क्लाउडवर आपोआप जातं’ हा दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो, कारण तो अर्धा खरा आहे. आयफोनवर आयक्लाउडमधले मेसेज सुरू केले असतील, तर ते सर्व उपकरणांवर सारखे ठेवले जातात. म्हणूनच आयपॅडवर पुसलेला मेसेज आयफोनवरूनही जातो. चुकून पुसलेले परत मिळवायला काही दिवसांची सवलत असते, पण कायमची प्रत तिथे नसते. अँड्रॉइडवर गूगलचा बॅकअप एसएमएस घेतो खरा, पण तो नवा फोन सुरू करताना एकत्र उतरवण्यासाठी असतो. त्यातला एखादा मेसेज उघडून वाचता येत नाही. शिवाय फोन 57 दिवस वापरला नाही, तर तो बॅकअप पुसला जाऊ शकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपला 2021 पासून एन्क्रिप्शन लावता येते. तिथे पासवर्ड किंवा 64 अंकी-अक्षरी किल्ली हरवली, तर कंपनीही तो उघडून देऊ शकत नाही. थोडक्यात, या साऱ्या सोयी फोन बदलण्यासाठी चांगल्या आहेत, दीर्घकाळ जतन करण्यासाठी पुरेशा नाहीत.

त्यासाठी एक्स्पोर्ट लागते, म्हणजे फोन आणि खाते दोन्ही नसताना वाचता येईल अशी फाइल. व्हॉट्सअ‍ॅपची ‘एक्स्पोर्ट चॅट’ साधी टेक्स्ट फाइल देते. ती कुठेही उघडते, पण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत भरता येत नाही. तेव्हा ती बॅकअपची जागा घेत नाही. एसएमएससाठी ‘एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर’सारखी अ‍ॅप एक्सएमएल फाइल बनवतात. ती उघडली की प्रत्येक मेसेजमागे नंबर, मजकूर आणि तेरा आकडी एक संख्या दिसते. ती संख्या म्हणजे 1 जानेवारी 1970 पासून उलटलेले मिलिसेकंद, म्हणजेच मेसेजची वेळ. ‘टाइप’समोर 1 असेल तर मेसेज आलेला, 2 असेल तर पाठवलेला. अ‍ॅप उद्या बंद पडले तरी ही फाइल वाचता येईल.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, ओटीपी आणि जाहिरातींचा कचरा कशाला जपायचा? जपू नयेच, पण बँकेचे व्यवहार, भाडेकरूशी झालेले बोलणे, गेलेल्या माणसाचे शब्द त्याच ढिगात असतात, आणि निवड करायला आधी प्रत हाती हवी. दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो रास्त आहे: अशी फाइल सहसा कुलपाविना असते. म्हणून ती पासवर्ड लावलेल्या झिप फाइलमध्ये, संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवावी. मात्र एक्स्पोर्ट म्हणजे आपोआप पुरावा, असे समजू नये. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या महाराष्ट्रातल्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की मूळ उपकरण हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. वाद सुरू असेल, तर एक्स्पोर्ट करूनही जुना फोन विकू नये. एरवी दर काही महिन्यांनी एक्स्पोर्ट करावे आणि ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी, कारण उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबता येत नाही.