नेट चालू, पण कॉम्प्युटर नाही म्हणतो

सकाळी ७.३०. धारवाड, मराठा कॉलनी.
कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याची बॅग रात्रीच भरलेली आहे, तरी तो पुन्हा उघडून बघतो. क्रिम्पर, केबल टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर, डबीत आरजे-४५ ची टोकं, वीस मीटर कॅट-६ केबल, नाण्याएवढ्या बॅटऱ्यांची पट्टी. शिवाय काच तडकलेला एक जुना मोबाइल. त्यात फक्त डेटाचं सिम. "हा माझा साक्षीदार. गिऱ्हाइकाचं नेट खोटं बोलतंय की कॉम्प्युटर, ते हा सांगतो." घरात मराठी, कामावर कन्नड. एका भेटीचे दोनशे रुपये, सामान वेगळं. स्कूटरमध्ये दीडशेचं पेट्रोल पडतं. मी मागे बसतो.

सकाळी ८.२०. सप्तापूर.
इथे स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि मुलांच्या खोल्या. घरमालक जिन्यातच गाठतात. "नेट इल्ला री." म्हणजे नेट नाही. राउटर गेला असणार, असं त्यांचं मत. नवा आणायला दीड हजार काढून ठेवलेत.
लॅपटॉपच्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा आहे. इंटरनेट नाही, अशी त्याची खूण. पण त्याच लॅपटॉपवर यूट्यूबचा व्हिडिओ सुरळीत चाललाय. आउटलुक मात्र आत घेत नाही.
तो राउटरला हातही लावत नाही. ब्राउझरमध्ये एक पत्ता टाइप करतो : एमएसएफटीकनेक्टटेस्ट डॉट कॉम, पुढे कनेक्टटेस्ट डॉट टीएक्सटी. पान उघडत नाही. मग लॅपटॉप साक्षीदाराच्या हॉटस्पॉटवर घेतो. आता पांढऱ्या पानावर तीनच शब्द येतात : मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट.
विंडोजची परीक्षा मुख्यतः या ओळीवर चालते. नेटवर्क जोडलं गेलं की विंडोज ही बावीस अक्षरांची फाइल मागवतं. जशीच्या तशी आली तर नेट आहे. नाही आली तर गोळा. व्हिस्टापासून हीच पद्धत. आधी पत्ता वेगळा होता, विंडोज १० मध्ये हा आला. यूट्यूब चालतंय की नाही, हे त्या परीक्षेत येत नाही. आउटलुकसारखे प्रोग्राम मात्र तिच्या निकालावर विसंबतात.
"राउटरमध्ये कोणी काही बदललं?" एक मुलगा हळूच हात वर करतो. जाहिराती अडवणारा डीएनएस त्याने टाकलाय. जाहिरातींबरोबर हा पत्ताही अडलाय. मुलगा फोनवर त्या सेवेची यादी उघडतो, एवढ्या एका पत्त्याला मोकळीक देतो. वायफाय बंद करून चालू. गोळा जातो.
मालक शंभरची नोट देतात. "काही बदललं नाही ना री." तो नोट खिशात घालतो. मालकांचे दीड हजार वाचले, याबद्दल दोघांपैकी कोणी बोलत नाही.

सकाळी १०.१०. हुबळी, कोप्पीकर रोड.
नवनगर, उणकल, विद्यानगर करत वीसेक किलोमीटर आलो. रस्त्याच्या मधल्या लेनमधून चिगरी बस सुसाट जातात. ती लेन त्यांचीच, स्कूटरने कडेकडेने जायचं.
कर सल्लागाराचं ऑफिस. इथे उलटा प्रकार. कोपऱ्यात नेट असल्याची खूण आहे, पण जीएसटीचं पोर्टल उघडत नाही, बँकेचं उघडत नाही. कनेक्शन सुरक्षित नाही, असा इशारा येतो. तो आधी घड्याळ बघतो. १ जानेवारी २०१२.
मदरबोर्डवरची बॅटरी संपली. रात्री वीज गेली आणि तारीख मागे पडली. सुरक्षित साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते असतं. २०१२ साली बसलेल्या कॉम्प्युटरला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. विंडोजची ती छोटी फाइल मात्र साध्या एचटीटीपीवर येते. तिथे प्रमाणपत्र बघायचं नसतं, म्हणून खूण ठीक दिसते. तारखेत इतका फरक पडला की विंडोज आपणहून घड्याळ जुळवत नाही.
तो झाकण काढतो, फुंकर मारून धूळ उडवतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पकड सरकवली की जुनी सीआर २०३२ टुणकन वर येते. नवी बसते. तारीख घालतो. बॅटरीचे पन्नास, भेटीचे दोनशे. सल्लागार जुनी बॅटरी तळहातावर घेऊन निरखतात आणि अडीचशे लगेच देतात.

दुपारी १२.१५. दुर्गदबैल.
कापडाचं दुकान. बाजाराची गर्दी पायरीपर्यंत आली आहे. इथे बिघाड खराच आहे. तो कॉम्प्युटरचा पत्ता बघतो, सुरुवातीला १६९.२५४. राउटरने पत्ता दिला नाही म्हणून कॉम्प्युटरने स्वतःच एक घेतलाय. म्हणजे आधी वायर बघायची. शटरच्या पट्टीखाली ती चेपलेली सापडते.
चेपलेला भाग कापतो. उरलेली लांबी पुरते. बाहेरची साल इंचभर सोलतो. आत आठ बारीक तारा, जोडीजोडीने पिळलेल्या. पीळ सोडतो, अंगठा आणि बोटात धरून एकेक सरळ करतो. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. ओठ हलत नाहीत, बोटंच म्हणतात. टोकं एका रेषेत कापतो, प्लास्टिकच्या टोकात सारतो, उजेडाकडे धरून बघतो. आठही तांबडे ठिपके समोरच्या भिंतीला टेकलेत. क्रिम्पर दाबतो, कट्. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागतात.
टोकाला आठ रुपये पडतात. टोक आणि मजुरी मिळून तीनशे. दुकानदार उभ्याउभ्या देतात, वर चहा सांगतात.

दुपारी १.३०.
खानावळ. जोंधळ्याची भाकरी, एण्णगाई, शेंगाचटणी. नव्वद रुपये. हात धुताना तो बोलतो, "वस्तू दिली की पैसे. नुसतं ओळखून दिलं की चहा."

दुपारी २.४०. स्टेशनजवळचं लॉज.
इथे महिन्याचं ठरलेलं आहे, पंधराशे. हुबळीचा फलाट १,५०७ मीटर लांब, जगात सर्वांत लांब. उतरणाऱ्यांपैकी काही जण मुक्कामाला इथे येतात.
एका पाहुण्याच्या फोनवर वायफाय जोडलं जातं, पण लॉगिनचं पान येत नाही. अँड्रॉइडचीही आपली परीक्षा आहे. फोन गूगलच्या एका पत्त्यावर विचारणा करतो आणि २०४ या क्रमांकाचं रिकामं उत्तर अपेक्षित धरतो. त्याऐवजी दुसरंच पान आलं, तर मध्ये दार आहे हे त्याला कळतं आणि तो साइन-इनचं पान पुढे करतो. आयफोन ॲपलच्या पत्त्यावर 'सक्सेस' हा शब्द शोधतो. स्टेशनवरच्या वायफायचं ओटीपीचं पानही याच रीतीने समोर येतं.
या पाहुण्याने फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसला ठरावीक नाव दिलंय. लॉगिन झाल्याशिवाय त्या नावापर्यंत पोचता येत नाही, आणि तिथे पोचल्याशिवाय कुठलाच पत्ता सापडत नाही. तो सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर आणतो. पान येतं. काउंटरवरच्या मुलाला तो तेच दोनदा करून दाखवतो, पुढच्या वेळी त्याला जमावं म्हणून.

दुपारी ४.१५. गोकुळ रोड, औद्योगिक वसाहत.
सुट्या भागांचा कारखाना. अकरा कॉम्प्युटर, अकराही ठिकाणी गोळा. हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतंय, आउटलुक नाही. हिशेबनीस एक व्हिडिओ दाखवतात : रजिस्ट्रीत 'एनेबल ॲक्टिव्ह प्रोबिंग'ला शून्य करा, गोळा जाईल.
तो मान हलवतो. "शून्य केलं तर कॉम्प्युटर विचारायचंच बंद करेल. उद्या खरंच नेट गेलं तरी तुम्हाला कळेलच असं नाही." २०२० मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर नेट असूनही 'नाही' दिसत होतं. तेव्हा काहींनी हा शून्याचा उपाय केला. अपडेट दुरुस्त झालं, शून्य तसंच राहिलं. असे कॉम्प्युटर त्याला अजून सापडतात.
"अकरा जागी एकच दुखणं म्हणजे दुखणं कॉम्प्युटरमध्ये नाही." कालच नवा फायरवॉल बसलाय. ब्राउझरमध्ये तोच पत्ता टाकतो, फायरवॉलचं 'अडवलं' असं पान येतं. साधी एचटीटीपी बंद केलेली. मालकांना विचारून तो एवढा एक पत्ता मोकळा करतो. मग प्रत्येक कॉम्प्युटरची केबल काढून पुन्हा लावतो, कारण नेटवर्क नव्याने जोडलं की विंडोज नव्याने विचारतं. अकरा टेबलांखाली अकरा वेळा वाकतो. शेवटच्या वेळी उठताना टेबलाला धरून उठतो. बिल सहाशे.

संध्याकाळी ६.३०. विद्यानगर.
स्कूटर बाजूला घेऊन फोन. धारवाडच्या एक निवृत्त शिक्षिका. पुण्याच्या लेकीशी व्हिडिओवर बोलायचंय.
"अरे बाळ, गोळा आलाय बघ खाली."
"काकू, भिंतीवरच्या डबीत लाल दिवा आहे का? एलओएस लिहिलंय तिथे?"
"आहे रे, लुकलुकतोय."
"मग फायबर तुटलीय. तुमच्या लॅपटॉपला काही झालेलं नाही. केबलवाल्याला फोन करा, फक्त लाल दिवा आहे एवढं सांगा. लॅपटॉप उघडायला कोणाला देऊ नका. आज फोनवरूनच बोला लेकीशी."
"तू येतोस का? पैसे देते."
"माझं कामच नाही त्यात, काकू."

रात्री ८.३०. मराठा कॉलनी.
वही. हातात आले साडेसहाशे. पेट्रोल दीडशे, जेवण नव्वद, बॅटरी खरेदीची वीस, टोक आठ. उरले तीनशे ब्याऐंशी. प्रत्येक नावापुढे तो काय केलं ते लिहीत नाही, कारण लिहितो : डीएनएस यादी, सीआर २०३२, शटर, प्रायव्हेट डीएनएस, फायरवॉल, फायबर. सहापैकी दोनच ठिकाणी सामान लागलं. दिवस भरला तो उरलेल्या चारांत, आणि ते शिकायला त्याची दहा वर्षं गेली आहेत. त्या चारांचे म्हणून आज हातात शंभर आले.
फोन वाजतो. कारखान्याचे हिशेबनीस. अकराही ठिकाणी ठीक आहे, आउटलुकही चालू झालं.
"बिल कधी होईल, सर?"
"तीस तारखेला री."
तो वहीत फायरवॉलपुढे सहाशे आणि तीस तारीख लिहितो. खाली उद्याचं पहिलं काम : सकाळी नऊ, नवनगर, 'नेट इल्ला'.