कॅमेरा खांद्यावर घेतलेली होमाई

मंत्री जिल्ह्यात आले की सभेत पुढे धावपळ करणारा, कधी खुर्चीवर चढून फोटो काढणारा माणूस आपण सातारा-सांगलीत नेहमी पाहतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याखाली मंत्र्यांचं नाव असतं, फोटो काढणाऱ्याचं बहुधा नसतं. आपल्या मुलीला हे काम जमेल का, असं ज्या अम्मी-अब्बांना वाटतं, त्यांनी होमाई व्यारावाला यांची हकिगत वाचावी.

होमाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीत, एका पारशी घरात झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या देवराष्ट्रे गावी यशवंतराव चव्हाण जन्मले. होमाईंचे वडील फिरत्या उर्दू-पारशी नाटक कंपनीत होते. घरात पैसा बेताचा, पण तालीम थांबली नाही. मुंबईत त्या जे. जे. कला विद्यालयात शिकल्या. कॅमेरा शिकवला तो माणेकशा यांनी, जे पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीला होमाईंचे फोटो छापून येत ते माणेकशांच्या नावाने. मेहनत तिची, नाव त्याचं.

१९४२ मध्ये हे जोडपं दिल्लीला गेलं आणि होमाई ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यात नोकरीला लागल्या. पुरुषांच्या गर्दीत साडी नेसलेली ही एकटी बाई जड कॅमेरा घेऊन सायकलवरून फिरे. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर काँग्रेस नेत्यांनी हात वर करून मत दिलं, तो क्षण त्यांनी टिपला. लाल किल्ल्यावरचा पहिला तिरंगा, गांधीजी, नेहरू आणि शास्त्रीजी यांची अंत्ययात्रा, हे सारं त्यांच्या फोटोंत आहे. ३० जानेवारी १९४८ ला मात्र त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या असताना पतीने, उद्या दोघं जाऊ, म्हणून परत बोलावलं. ती हुरहुर त्यांना आयुष्यभर राहिली.

सत्तेच्या इतक्या जवळ राहूनही त्यांनी मर्यादा सोडली नाही. बड्या माणसाला अवघडल्या अवस्थेत पकडणं त्यांना पटत नसे. नव्या छायाचित्रकारांचं वागणं बदललं, तसा त्यांनी १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्यात त्यांचं निधन झालं.

आज जिल्हा माहिती कार्यालयापासून दिल्लीपर्यंत सरकारी छायाचित्रकाराचं पद असतं. त्या फोटोंवरूनच उद्याची पिढी आजचा काळ ओळखणार. मग तो टिपणाऱ्यांत आपल्या मुली का नसाव्यात? दहावीनंतर मुलीने कॅमेरा शिकायचा म्हटलं, तर 'लोक काय म्हणतील' हे आधी विचारू नका. कुठे शिकता येईल, ते विचारा. आणि तिचं काम छापून आलं, तर खाली तिचंच नाव असेल, याची काळजी घ्या.