शेंगदाणा वर्ज्य असणाऱ्यांनीं खानावळींत कसें जेवावें

भरलीं वांगीं, कोशिंबीर, सुकी चटणी, उपवासाची खिचडी, दाण्याची आमटी, अशा आमच्या पलूसकडील कित्येक पदार्थांत शेंगदाण्याचें कूट पडतें. परंतु हाच पौष्टिक दाणा कांहींच्या शरीरास मुळींच सोसत नाहीं. शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिक्रियेस व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं ‘अ‍ॅलर्जी’ हें नांव दिलें. दाण्यांतील प्रथिनांस शरीर शत्रु समजतें. मग अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, व प्रसंगीं रक्तदाब उतरून प्राणावर बेततें. “चिमूटभरानें काय होतें?” हा प्रश्न येथें गैरलागू आहे.

खानावळींत “ह्यांत शेंगदाणे आहेत काय?” एवढें विचारून भागत नाहीं. दाणे दिसत नाहींत म्हणून वाढपी सहज “नाहीं” म्हणतो. यास्तव गर्दीपूर्वीं जाऊन आचाऱ्यासच तीन गोष्टी विचाराव्या. रस्सा दाट करण्यास कूट घातलें आहे काय? तेल कोणतें? घाण्याच्या शेंगतेलांत प्रथिनें उरतात. रिफाइंड तेलांत तीं अत्यल्प असतात. आणि पळी व कढई निराळी आहे काय? जपानांतही हीच अडचण आहे. तेथें कुट्टूच्या पिठाच्या ‘सोबा’ नामक शेवया ज्या आधणांत शिजतात, त्यांतच कित्येक ठिकाणीं गव्हाच्या शेवयाही शिजवितात. त्यामुळें कुट्टू वर्ज्य असणाऱ्यास त्याही घातक ठरतात.

भारतांत २०२० च्या नियमांन्वये पाकीटबंद पदार्थांवर शेंगदाण्याचा उल्लेख आवश्यक आहे. लहान खानावळीस मात्र पदार्थांच्या यादींत तसें लिहिण्याचें बंधन नाहीं. म्हणून विचारणें हेंच रक्षण होय. खात्रीचें उत्तर न मिळाल्यास तो पदार्थ सोडावा.

इतकें करूनही घसा आवळूं लागला, तर लिंबूपाण्यांत वेळ दवडूं नये. डॉक्टरांनीं दिलेलें अ‍ॅड्रिनॅलिनचें इंजेक्शन मांडीच्या बाहेरील बाजूस द्यावें, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, व रोग्यास निजवून ठेवावें. धाप असल्यास बसूं द्यावें, परंतु चालवूं नये.

आग्रह हें आमच्या पंक्तीचें भूषण खरें. तथापि विद्यार्थिमित्रहो, शेजारचा सोबती “मला हें चालत नाहीं” म्हणाला, तर त्याची थट्टा न करितां त्याचें ताट निराळें वाढवून घ्या. त्या वेळीं आग्रह न करणें हाच खरा पाहुणचार होय.